शहाण्या शब्दांची उलटापालट

अंबिकाचा बाप वीरभद्र सरांनी चोरला तो पुस्तक प्रकाशनाच्या भर सभेत, तीनशे माणसांसमोर, माईकवर, डोळ्यांत पाणी आणून.

"माझे वडील गँगमन होते," सर म्हणाले. "मुदखेड जंक्शनला. रुळावर हातोडी मारायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, इथं रूळ धरणारी चावी ढिली झाली. इंग्रजीत अशा माणसाला परसेप्टिव्ह म्हणतात. हा शब्द मला डिक्शनरीनं शिकवला नाही मित्रांनो. माझ्या बापाच्या हातोडीनं शिकवला."

टाळ्या लवकर थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. अंबिका पार मागं, नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांपाशी उभी होती. तिच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. वीरभद्र सरांच्या वडिलांचं उदगीरला कापडाचं दुकान होतं. म्हातारा अजून रोज गादीवर बसत होता. मुदखेडला गँगमन होता तो किशन, अंबिकाचा बाप, आणि त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

सरांनी मग एकेकाचे आभार मानले. शेवटी त्यांचं लक्ष मागं गेलं. "ती बघा आमची टायपिस्ट. अंबिका, हात वर कर. हिला अर्थ कळो ना कळो, बोटं लई झकास चालतात." लोक हसले. वाईट हसले असं नाही, कार्यक्रमात हसतात तसंच हसले. अंबिकानं हात वर केला.

लातूरच्या ट्यूशन एरियात सरांचा क्लास स्पर्धा परीक्षांसाठी नावाजलेला होता. सरांना आवाज होता, उंची होती, आणि कुठलीही गोष्ट स्वतःवर बेतल्यासारखी सांगायची हातोटी होती. इंग्रजी मात्र बेताचं होतं. ही गोष्ट एकट्या अंबिकाला ठाऊक होती, कारण गेली पाच वर्षं ते इंग्रजी तीच पुरवत होती. नांदेडच्या कॉलेजातून ती इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. चार भरत्यांमध्ये थोडक्यात हुकली आणि म्हणून लातूरला टायपिंगच्या कामावर आली. सरांनी पहिल्याच महिन्यात हेरलं, की ही पोरगी नोट्स टाइप करता करता त्या दुरुस्तही करते. मग नोट्स लिहायचं कामही तिच्याकडंच आलं.

तिची एक दोनशे पानी वही होती. शब्द पाठ करून टिकत नाहीत हे तिला चार वेळा हुकल्यावर कळलं होतं, म्हणून तिनं प्रत्येक शब्दाला एक माणूस जोडला होता. सगळ्यात लाडके शब्द अक्कलहुशारीचे. मराठीत आपण 'हुशार' म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत त्याच्या पंचवीस चिरफळ्या, आणि प्रत्येकीचा वास वेगळा. श्रूड म्हणजे मुदखेडच्या बाजारातली फूलवाली सिद्धम्मा. ती गिऱ्हाइकाच्या चपला बघून भाव सांगायची. डिसर्निंग म्हणजे तिची आई धुरपता. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून ती कुठल्या रानातली ते ओळखायची. कनिंग म्हणजे सोसायटीचा गटसचिव अण्णाराव, ज्याचं हसू त्याच्या डोळ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. आणि परसेप्टिव्ह म्हणजे बाबा.

सरांनी ती वही एकदा "वाचायला" म्हणून नेली. चार महिन्यांनी तिच्यासमोर पानं टाइप करायला आली तेव्हा तिला वाटलं, क्लासच्या नोट्स असतील. मुखपृष्ठ छापून आल्यावर कळलं. 'बुद्धीचे शब्द', लेखक प्रा. वीरभद्र. आत सिद्धम्मा होती, अण्णाराव होता, ज्वारीचा दाणा होता. बाबासुद्धा होते. फक्त 'माझे' या शब्दाचा मालक बदलला होता.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, ते वडलांचं तेवढं काढा पुढच्या छपाईत. बाकीचं राहू द्या."

सर मोबाइलवर सभेचे फोटो बघत होते. "का गं? लोकांला तेच तर आवडलं."

"ते माझे वडील हायेत."

"मी नाव घेतलं का तुझ्या वडलांचं? गँगमन काय एकटाच असतो रेल्वेत?" त्यांनी मोबाइल खाली ठेवला. आवाजात राग नव्हता, समजूत घातल्यासारखं बोलत होते. "हे बघ, वही क्लासमधी बसून लिहिलीस, क्लासच्या वेळात लिहिलीस. शब्द काय कुणाच्या बापाचे नसतात. तुला इथं कुणी ओळखत न्हाई, मला ओळखतेत. तू म्हणलीस तर चार लोक ऐकतील, मी म्हणलो तर चार हजार. शब्द पोचले, झालं की."

तिनं मान हलवली आणि बाहेर येऊन कॉम्प्युटर चालू केला. नोकरी सोडायचा विचार तिच्या मनात होता, संध्याकाळपर्यंत होता. मग आईचा फोन आला. शेजारच्या पोरानं धुरपताला सभेचा व्हिडिओ दाखवला होता.

"अंबे, ह्यो मानूस तुझ्या बापाचं बोलून राहिला," धुरपता म्हणाली. "हातोडीचं, चावीचं, समदं. आन् माझा बाप म्हनून राहिला. ह्यो कोन?"

"आमचे सर हायेत, आई."

धुरपता म्हणाली, "मेल्यावर बी मानूस उचलून नेतेत व्हय?"

त्या क्षणी अंबिकानं ठरवलं, की नोकरी सोडायची नाही. सोडून गेलं की माणूस लांब जातं, आणि लांबून दगड नेमका लागत नाही. सरांनी तीनशे लोकांसमोर तिला हात वर करायला लावला होता. त्यांना त्याच्या दुप्पट लोकांसमोर मान खाली घालायला लावायची, आणि तीही त्यांच्याच पुस्तकानं. कसं, ते तिला माहीत नव्हतं. पण तिला घाई नव्हती. ती पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागली, पूर्वीपेक्षा गोड बोलू लागली. सरांना वाटलं, पोरगी समजूतदार निघाली.

संधी पावसाळ्यानंतर चालत आली. पहिली आवृत्ती संपत आली होती आणि मोठी लिपिक भरती निघणार अशी बातमी होती. सर म्हणाले, "सुधारित वाढीव आवृत्ती काढू. एक नवं प्रकरण टाक. साठेक शब्द. अवघड अवघड टाक, वजन यायला पाह्यजे."

तिनं साठ शब्द काढले. चोपन्न अगदी चोख लिहिले, वहीतल्यासारखेच जीव ओतून. उरलेले सहा म्हणजे तीन जोड्या होत्या. दिसायला जुळ्या भावांसारख्या, अर्थानं दोन टोकं. इनजीनियस म्हणजे कल्पक, डोकेबाज. इनजेन्युअस म्हणजे भाबडा, ज्याच्या पोटात तेच ओठात. पर्स्पिकेशियस म्हणजे खोलवर जाणणारा माणूस. पर्स्पिक्युअस म्हणजे सुस्पष्ट, कुणालाही कळेल असं बोलणं. ऑब्ट्यूज म्हणजे मठ्ठ; ॲब्स्ट्रूस म्हणजे समजायला अवघड. तिनं प्रत्येक जोडीचे अर्थ आपापसांत बदलले. उदाहरणंही तशीच बेतली. भाबड्याच्या जागी डोकेबाज बसवला, डोकेबाजाच्या जागी भाबडा. करताना तिची बोटं जराही अडखळली नाहीत. खरोखरच झकास चालली.

छपाईआधी सरांचा एक नियम होता. प्रत्येक पानावर त्यांची सही झाल्याशिवाय पान छापखान्यात जायचं नाही. छापखानेवाल्यांवर त्यानं वचक राहतो म्हणत. अंबिकानं प्रुफांचा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला. सर फोनवर बोलत बोलत, पान न वाचता, सही करत गेले. तीन जोड्यांच्या पानांवरही लांब शेपटीची सही झाली. ती प्रुफं तिनं छापखान्याला दाखवून परत आणली आणि आपल्या खोलीवर पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवली.

तिचा बेत सरळ होता. जानेवारीत नांदेडला सरांची मोठी मोफत कार्यशाळा ठरली होती. आठशे पोरं येणार, व्हिडिओ निघणार. तिथं उभं राहायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. भरतीची परीक्षा फेब्रुवारीत. मधे महिनाभर होता, पोरांना पान दुरुस्त करून घ्यायला पुष्कळ वेळ. कुणाचं काही बिघडणार नव्हतं, असा तिचा हिशेब होता.

पुस्तक निघालं आणि हातोहात गेलं. क्लासमध्ये सर नवं प्रकरण शिकवायला लागले तेव्हा शिवम नावाच्या एका पोरानं मोबाइल बघून हात वर केला. "सर, इनजेन्युअसचा अर्थ इथं साधाभोळा दाखवून राहिले."

सर हसले. "शाबास. म्हंजी मोबाइल हुशार आन् मी ॲब्स्ट्रूस, मठ्ठ. तू असं कर, उद्यापासून मोबाइललाच फी भर." वर्ग खळखळून हसला. शिवमचे कान लाल झाले. त्यानंतर कुणी विचारलं नाही. अंबिका शेजारच्या खोलीत झेरॉक्स काढत होती, तिला सगळं ऐकू आलं. तिला बरं वाटलं. माणूस आपला खड्डा आपणच खोल करत होता.

जानेवारीत नगरपालिकांच्या निवडणुकीचं निघालं. आचारसंहिता लागली, सभागृह मिळेना. कार्यशाळा पुढं गेली, मग आणखी पुढं. एप्रिल ठरला. परीक्षा मात्र फेब्रुवारीत होती तिथंच राहिली.

आता बोलायला हवं होतं. अंबिकाला ते कळत होतं. सरांना गुपचूप सांगितलं असतं तरी एक शुद्धिपत्र निघून सगळं मिटलं असतं. सर म्हणाले असते, छपाईत चूक झाली. आणि त्यांची मान ताठ राहिली असती. दर रविवारी ती आईशी बोलायची, आणि फोन ठेवला की ती सभा पुन्हा तिच्या डोळ्यासमोर यायची. 'माझ्या बापाच्या हातोडीनं शिकवला.' एक आठवडा गेला, मग दुसरा गेला. सहाच तर शब्द आहेत, ती स्वतःला सांगायची. शंभर प्रश्नांत नेमके तेच कशाला येतील?

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती लातूरच्या स्टँडवर अंजूला सोडायला गेली. अंजू किल्लारीची. बाप कारखान्यात रोजंदारीवर, आई रत्नम्मा दुसऱ्याच्या रानात. दोन वर्षं ती अंबिकाच्या खोलीशेजारी राहून सरांच्या क्लासात शिकत होती. आजारी पडली की अंबिका तिला खिचडी घालायची, आणि अंबिकाला कंटाळा आला की अंजू तिच्या केसांना तेल लावायची. अंजूचं केंद्र नांदेडला आलं होतं. बस लागायला वेळ होता. बाकड्यावर बसून ती पुस्तक चाळत होती. पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ झाले होते.

"ताई," तिनं मान वर न करता विचारलं, "इनजेन्युअस म्हंजी चतुरच ना? ह्या दोघांत माझा लई घोळ व्हायलाय."

स्टँडवर निलंग्याच्या गाडीचा पुकारा चालला होता. अंबिकानं तो शब्दन् शब्द ऐकला.

"पुस्तकात काय दिलंय?" ती म्हणाली.

"चतुर."

"मग तेच."

"हाव ना, मी बी तेच धरलंय." अंजूनं पुस्तक मिटलं आणि पिशवीत घातलं. गाडी लागली. खिडकीतून तिनं हात हलवला, अंबिकानंही हलवला. गाडी वळेपर्यंत धावत जाऊन तिला थांबवता आलं असतं. फोन तर रात्रीपर्यंत, सकाळीसुद्धा करता आला असता. अंबिकानं केला नाही. एकीला सांगितलं तर ती दहाजणींना सांगेल, आणि एप्रिलमध्ये हातात काही उरणार नाही.

परीक्षेत सहापैकी दोन शब्द आले.

मार्चमध्ये उत्तरतालिका लागली तेव्हा क्लासच्या ग्रुपवर गोंधळ उडाला. सरांनी आवाजातला संदेश टाकला, की तालिका चुकलेली आहे, खात्यातले लोक अडाणी आहेत, मोबाइलवरचे अर्थ धरू नका, सगळ्यांनी हरकती घ्या, माझ्या पुस्तकाचा पान क्रमांक द्या. पोरांनी हरकती घेतल्या. अंजू अंबिकाच्या खोलीत बसून अर्ज भरत होती. "पान सत्तेचाळीस," ती टाइप करता करता पुटपुटली. सत्तेचाळिसावं पान अंबिकानंच लावलं होतं. तिनं चहा ठेवला, साखर दोनदा टाकली.

हरकती फेटाळल्या गेल्या. निकाल लागला. अंजूला तीन गुण कमी पडले. दोन प्रश्नांचे चार गुण होते.

अंजू रडली नाही. दोन दिवस अंथरुणात पडून राहिली, तिसऱ्या दिवशी उठून केस विंचरले आणि म्हणाली, "ताई, नांदेडच्या कार्यशाळेला मी बी येते. सरांला विचारायचंय, आता काय करायचं." अंबिकानं तिला नको म्हणायला तोंड उघडलं, पण नको म्हणायला कारण सापडेना.

नांदेडचं सभागृह दाराबाहेरपर्यंत भरलं होतं. मुदखेडहून धुरपताही आली होती; अंबिकानं मुद्दाम बोलावलं होतं. ती नवं लुगडं नेसून मधल्या रांगेत अंजूशेजारी बसली. सर बोलायला उभे राहिले आणि सुरुवातच खात्यावर केली. "माझ्या लेकरांचे चार चार गुण कापले. मी कोर्टात जाईन. माझा एक शब्द खोटा निघाला तर मी शिकवणं सोडून देईन." टाळ्या पडल्या. मग ते वडिलांवर आले. हातोडी आली, रूळ आला, ढिली चावी आली. धुरपता ताठ बसून ऐकत होती.

प्रश्नांची वेळ झाल्यावर अंबिका उठली. माईक फिरवणाऱ्या पोरीनं तिला ओळखून माईक दिला. सर व्यासपीठावरून हसले. "बोला टायपिस्टबाई."

"सर, इनजेन्युअस म्हणजे काय?"

"चतुर, कल्पक. पान सत्तेचाळीस. तूच टाइप केलंस की."

"पर्स्पिक्युअस?"

"खोल जाणणारा."

"ॲब्स्ट्रूस?"

"मठ्ठ." सरांना खेळ आवडल्यासारखा दिसला.

अंबिकानं पिशवीतून डिक्शनरी काढून पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर शिक्षकांच्या हातात दिली. खुणा आधीच घातल्या होत्या. "गुरुजी, तुम्हीच वाचा."

गुरुजींनी चष्मा लावला. त्यांनी तिन्ही शब्दांचे अर्थ सावकाश वाचले, आधी इंग्रजीतून, मग मराठीतून. भाबडा. सुस्पष्ट. समजायला अवघड. तोवर हॉलमध्ये शेकडो मोबाइल उजळले होते. कुजबूज मागून पुढं आली. शिवम कुठूनतरी ओरडला, "मी सांगितलं होतं की सर तुम्हाला."

वीरभद्र सरांनी पाण्याची बाटली उचलली, ठेवली. "हे बघा, ही टायपिंगची चूक हाय. टायपिस्ट समोर उभी हाय, तिलाच विचारा."

या वाक्याची अंबिका सहा महिने वाट बघत होती. तिनं प्रुफं वर धरली. "हरेक पानावर तुमची सही हाय, सर. तुमच्या सहीबिगर पान छापत न्हाईत, तुमचाच नियम. आन् आत्ता तर तुम्ही पान न बघता सांगितलंत. टायपिस्टला अर्थ कळत न्हाई, तुम्हीच म्हणला होतात. तुम्हाला तर कळायला पाह्यजे होता."

कुणी टाळी वाजवली नाही. ज्यांचे चार गुण गेले होते ती पोरं उभी राहायला लागली होती. अंबिका थांबली नाही.

"एक शेवटचं. तुमचे वडील मुदखेडला कितव्या गँगमधी होते?"

सरांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"त्यांच्या मुकादमाचं नाव काय?"

उदगीरचं कुणीतरी मागून मोठ्यानं म्हणालं, "ह्याच्या बापाचं कापडाचं दुकान हाय की. मी लुंग्या तिथूनच घेतो."

तेव्हा धुरपता उठली. तिला माईकची गरज नव्हती. "सात नंबर गँग," ती म्हणाली. "मुकादम हनुमंत. गँगमन किशन, माझा मालक. बत्तीस वर्सं. तुम्ही त्याला बाप म्हनलात, बरं झालं. मंग त्याच्या तेराव्याला कामून आला न्हाईत?"

सर खाली मान घालून बाजूच्या दारानं गेले. आठशे माणसांनी ते बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मराठवाड्यानं. पोरं त्यांच्या मागं धावली, दारात रेटारेटी झाली. अंबिका जागीच उभी होती. हवं होतं ते मिळालं होतं, अगदी मापात. आई तिच्याजवळ आली आणि तिचा दंड धरून उभी राहिली.

अंजू अजून खुर्चीवरच बसली होती. मांडीवर पुस्तक होतं. अंबिका जवळ गेली तेव्हा तिनं वर बघितलं.

"खुणा आधीच घातल्या होत्या," अंजू म्हणाली.

"अंजू, ऐक."

"सहीची प्रुफं तुम्ही पेटीत जपून ठेवली होती, मी बघितली होती. म्हंजी छापायच्या आधीपासून ठाऊक होतं." ती एकेक शब्द मोजून बोलत होती. "स्टँडवर मी विचारलं, तवा ठाऊक होतं?"

अंबिकाला खोटं सुचलं असतं. पण आता खोटं बोलायची गरजच संपली होती.

"हाव," ती म्हणाली.

अंजूनं पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. दोन दिवसांनी तिच्या भावानं येऊन खोलीतलं सामान नेलं.

पुढचा महिना अंबिकाचे दिवस तिला हवे तसे गेले. सरांचा क्लास ओस पडला. पालक फी परत मागायला आले, मग पाटी उतरली. लोक तिला फोन करायचे, वाघीण म्हणायचे. एका प्रकाशकानं वही मागितली. तिनं कुणालाही अर्थांची उलटापालट कुणी केली ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. सहीपुढं तो प्रश्न कुणाला पडलाच नाही. तो पडला होता फक्त अंजूला, आणि ती बोलत नव्हती. फोन उचलत नव्हती. अंबिकाला वाटायचं, तिनं ग्रुपवर लिहून टाकावं, चारचौघांत शिव्या द्याव्यात. तसं केलं असतं तर निदान थोडं फिटलं असतं. पण अंजूनं तेवढंही तिला दिलं नाही.

मेच्या एका सकाळी अंबिका जीपनं किल्लारीला गेली. भूकंपानंतर वसवलेल्या गावात सगळ्या गल्ल्या एकसारख्या. दोनदा चुकून ती घर शोधत आली. रत्नम्मा अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. अंजू तिला चीक आणून देत होती. अंबिकाला बघून ती आत गेली नाही, पण थांबलीही नाही.

"या बाई," रत्नम्मा म्हणाली. "सावलीला बसा."

अंबिका बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. वही, सभा, बाबा, तीन जोड्या, स्टँड. काही लपवलं नाही, आणि जास्तीची माफीही मागितली नाही. रत्नम्माचे हात साच्यावर चालत होते ते मधेच थांबले.

"तुमचं भांडण त्या मानसाशी," ती शेवटी म्हणाली. "ते बराबर होतं. माझ्या नवऱ्याला कुनी असं उचललं असतं तर मी बी सोडलं नसतं. पन माझी लेक मधी कुठून आली?"

"ती मधी न्हवती," अंबिका म्हणाली. "मला तिला बाजूला करता आलं असतं. मी केलं न्हाई."

"का?"

"तो सुटला असता म्हणून."

रत्नम्मानं लेकीकडं बघितलं. अंजूनं चिकाचं पातेलं खाली ठेवलं, पदरासारखी ओढणी खोचून हात पुसले.

"ऑक्टोबरात दुसरी भरती हाय," ती म्हणाली. "मला इंग्रजी कच्चं हाय. लातुरात तुमच्याएवढं कुणाला येत न्हाई, हे मला ठाऊक हाय. मी येते शिकायला. फुकट शिकवायचं. एक बी शब्द डिक्शनरी समोर ठेवल्याबिगर सांगायचा न्हाई. आन् मी तुम्हाला ताई म्हणणार न्हाई."

"बरं," अंबिका म्हणाली.

जूनपासून ती दर शनिवार-रविवार येऊ लागली. दारातून आत आली की "मॅडम" म्हणायची, चटईवर बसायची, डिक्शनरी दोघींच्या मधे उघडून ठेवायची. अंबिका अर्थ सांगायची आणि अंजू बोटानं ओळ धरून तो पडताळून बघायची, प्रत्येक वेळी, अगदी सोप्या शब्दालासुद्धा. चहा घ्यायची नाही, बाटलीत पाणी घरून आणायची. अंबिकानं आयुष्यात इतकं जपून कुणाला शिकवलं नव्हतं. पावसाळ्यात एकदा अंजूला ताप होता. अंबिकानं खिचडी टाकली, ताट समोर ठेवलं. अंजूनं ताटाकडं न बघता पुढचा शब्द विचारला. ताट तसंच गार झालं.

ऑक्टोबरातल्या त्या भरतीत अंजू चौतिसाव्या नंबरानं पास झाली. अंबिकाला ते शिवमकडून कळलं. अंजूनं ट्यूशन एरियात सगळ्यांना पेढे वाटले, झेरॉक्सवाल्याला, मेसवालीला, जुन्या घरमालकिणीला. अंबिकाच्या खोलीवरून ती दोनदा गेली. अंबिका दारात उभी होती. दुसऱ्या वेळी अंजू थांबली, पिशवी सावरली आणि म्हणाली, "येते मॅडम." मग ती कोपऱ्यावरून स्टँडच्या रस्त्याला लागली.